धरलेला मासा, वेचलेला मासा

पहाटे साडेपाचला कालव्याच्या भरावावर बसलं की आधी कान जातात. म्हणजे असतात जागेवरच, पण हात लावला तरी आपले वाटत नाहीत. मग नाक, मग गळाचा दोरा धरलेली बोटं. मोबाइलवर ९ अंश दिसत होते. हिमालयात राहणाऱ्यांना हसू येईल, पण आमच्या जालना जिल्ह्याला मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांची सवय आहे. इथे ९ अंशाला माणूस गोठतो, निदान तसं म्हणतो तरी. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस शेजारच्या परभणीत पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता, ती रात्र मामा अजून एखाद्या युद्धासारखी सांगतो.

त्या जानेवारीत मी मामाबरोबर चौदा पहाटा गळ टाकून बसलो आणि आम्हाला तीन मासे मिळाले. दोन चिलापी, तळहाताएवढ्या. एक मृगळ, पावशेराच्या आतबाहेर. हिशोब केला तर जवळपास पाच पहाटांना एक मासा. हा लेख त्या न मिळालेल्या माशांबद्दल आहे आणि थोडा मिळालेल्यांबद्दल. मिळालेले अवघड निघाले.

कालवा म्हणजे जायकवाडीचा डावा कालवा. पैठणला गोदावरी अडवून केलेल्या नाथसागरातून तो निघतो, अंबड-घनसावंगीच्या काळ्या रानातून परभणीकडे जातो. लांबी २०८ किलोमीटर. धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी. मामाचं गाव घनसावंगी तालुक्यात आहे आणि त्याची सव्वादोन एकर जमीन कालव्यावरून फुटलेल्या चारीच्या पार शेवटी. माझ्या वडिलांचं गावही याच कालव्यावर, पण वर, अंबड तालुक्यात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी तिथे कसा पोचलो ते सांगून टाकतो. पुण्यात पाच वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. दुसऱ्यांदा साडेतीन गुण कमी पडले. निकालानंतर घरी जायची हिंमत नव्हती, म्हणून मामाकडे गेलो. मामाकडे जायला कारण लागत नाही.

मासे धरायला पहाटच का, हा प्रश्न मला तिसऱ्या दिवशी पडला. तोवर वाटत होतं की ही काहीतरी जुनी-जाणती युक्ती असणार. तसं काही नव्हतं. शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. मामा रात्रभर गव्हाला पाणी भरत होता. गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात फावडं आणि बॅटरी, एका सरीचं दारं मोडायचं आणि दुसऱ्या सरीचं धरायचं. पहाटे लाईट गेली की मोटर बंद. घरी जाऊन झोपावं तर तासाभरात म्हशीची धार काढायची वेळ. मधला तो तास कालव्यावर. ओला तर तो होताच, गारठलेलाही होताच. गळ टाकून बसणं हा त्याचा छंद नव्हता आणि पोट भरायचं साधनही नव्हतं. दोन कामांच्या मधल्या फटीत बसवलेली ती एक गोष्ट होती. तुम्ही लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइल बघता, त्याच जातीची म्हणा हवं तर.

आणि मासे धरायला ती वेळ सगळ्यात वाईट होती. मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान तेच त्याचं तापमान. रोहू, कटला, मृगळ ही आपल्याकडची कार्प मंडळी पंचवीस ते तीस अंशांच्या पाण्यात खूश असतात. पाणी अठराच्या खाली गेलं की त्यांचं पचन मंदावतं, भूक मरते. चिलापीचंही तेच, किंबहुना तिला थंडी आणखी बाधते. मासा तळाला जाऊन जवळजवळ न हलता थांबतो. समोर गांडूळ लोंबकळलं तरी त्याच्याकडे जाण्यात जेवढी ताकद जाईल तेवढी ते खाऊन परत येणार नाही. दुपारी दोनला ऊन पाण्यात मुरल्यावर कदाचित तो तोंड उघडेल. पण दुपारी दोनला मामा मोकळा नसतो. त्यातून आमचा कालवा वाहता. काँक्रीटचं अस्तर केलेल्या भागात माशाला थांबायला आडोसाही नाही. कुठे अस्तर फुटून खड्डा झालाय, कुठे पुलाचा खांब आहे, तिथेच काय ती आशा.

हे सगळं मी मोबाइलवर वाचून मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग त्यात काय नवीन? थंडीनं मासा बी गोधडीत बसू लागला. मला म्हाईत हाय."

"मग बसतो कशाला आपण?"

"तू बसू लागलास म्हणून मी बसू लागलो," असं म्हणून त्याने बिडी पेटवली. ते खरं नव्हतं. मी नव्हतो तेव्हाही तो बसायचाच.

इथे एक सोपी वाट होती. कर्म करत राहावं, फळाकडे बघू नये. आपल्याकडे नापास झालेल्या प्रत्येक मुलाला कुणीतरी काका हे ऐकवतो. मला त्या महिन्यात सहा जणांनी ऐकवलं. पण मासे धरणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. त्याला फळच हवं असतं. मासा नको असेल तर गळाला गांडूळ लावायचं कारणच नाही, नुसतं पाण्याकडे बघत बसा. हवं असणं हा या कामाचा पाया आहे आणि न मिळणं हा त्याचा रोजचा अनुभव. हे दोन्ही एकत्र कसं सांभाळायचं ते सहा काकांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

घरात वेगळीच अडचण होती. आजी, म्हणजे मामाची आई, माळकरी. पहाटे आम्ही गळ घेऊन निघायचो तेव्हा ती चुलीपुढे बसून अभंग म्हणत असायची. पाण्याविना तळमळणारा मासा हे संतांच्या अभंगांतलं ठरलेलं चित्र आहे. देवावाचून भक्ताची जी अवस्था होते ती सांगायला त्यांना दुसरं काही इतकं चपखल सापडलं नसावं. तर घरात आजी त्या माशाच्या जागी स्वतःला ठेवून गात होती आणि आम्ही दाराबाहेर त्याच माशासाठी गांडुळं मोजत होतो. ती कधी अडवायची नाही. फक्त मासा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. तो गोठ्यामागे, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. मराठवाड्यात अशी दोन चुलींची घरं भरपूर आहेत. त्यांना कुणी ढोंग म्हणतं, मला तो एक बऱ्यापैकी शहाणा तह वाटतो.

मला मात्र त्या तहाने समाधान नव्हतं. मी पुण्यातून प्रश्न घेऊन आलो होतो. माशाला दुखतं का? २००३ साली लिन स्नेडन या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि ओठांवर वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ओठाला मधमाशीचं विष किंवा आम्ल टोचलं तर मासे कितीतरी वेळ खात नव्हते आणि आम्ल टोचलेले ओठ खड्यांवर घासत होते. त्याला माणसाच्या अर्थाने दुःख म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण जो ओठ घासतो त्याला काहीच होत नाही, असं म्हणायला मला तरी धीर होत नाही.

मग मी व्हिडिओ दाखवले. इंग्लंडातल्या कालव्यांवर हिवाळ्यात पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. लोक तो फोडून गळ टाकतात, चार-चार तास कुडकुडतात, बोटभर मासा मिळाला तर त्याचं वजन करतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. मला ते उदात्त वाटलं होतं. मारणं नाही, लोभ नाही, नुसता खेळ. मामाने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मोबाइल परत दिला.

"खायचा नाय तर त्याचं तोंड कशाला फाडायचं?"

नंतर वाचलं तर स्वित्झर्लंडच्या कायद्याचंही हेच म्हणणं निघालं. सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरायला तिथे बंदी आहे. गरज असेल तर मारा, पण करमणुकीसाठी टोचू नका. घनसावंगी तालुक्यातला सव्वादोन एकरवाला आणि स्विस कायदा एका बाजूला, मी आणि माझं उदात्त दुसऱ्या बाजूला.

तरी त्या चौदा पहाटांत मला एक गोष्ट पटली होती आणि ती मी मनाशी घट्ट धरून होतो. मासा नाही म्हणू शकतो. तळाशी थंडगार पडून तो जे करत होता ते, माझ्या बाजूने पाहिलं तर, नकार देणं होतं. आमच्याकडे फक्त एक गळ आणि एक गांडूळ. त्याच्याकडे अख्खा कालवा. मला वाटायला लागलं की गळाने मासेमारी करण्यात जर काही न्याय असेल तर तो याच्यात आहे. समोरच्याला नाही म्हणायची जागा आहे आणि तो बहुतेक वेळा नाहीच म्हणतो. हात हलवत घरी जाणं ही त्या व्यवहाराची किंमत, आणि ती किंमत चुकती केल्याशिवाय एखादवेळचा मासा आपला होत नाही. परीक्षेबद्दलही मी स्वतःला असंच काहीसं समजावत होतो. तिथेही समोरच्याला नाही म्हणता येतं, म्हणूनच हो मिळाल्याला अर्थ. गोठलेल्या बोटांनी हा विचार करताना फार बरं वाटायचं.

पंधराव्या दिवशी आवर्तन संपलं.

ज्यांना कालवा माहीत नाही त्यांच्यासाठी: रब्बीत धरणातून पाणी सलग सुटत नाही. पाळ्या असतात. काही दिवस सोडतात, मग गेट बंद. गेट बंद झालं की कालव्याची पातळी हळूहळू उतरते, शेवटी तळ दिसतो. पाणी उरतं ते फक्त खोलगट जागी. आमच्या गावाजवळ कालवा एका नाल्याला आडवा जातो. तिथे कालव्याचं पाणी नाल्याच्या पोटाखालून पाइपातून पलीकडे नेलंय. त्याला सगळे सायफन म्हणतात. सायफनच्या तोंडाशी पाणी साचून राहतं आणि मागच्या कित्येक किलोमीटरमधले, उतरत्या पाण्याबरोबर सरकत आलेले मासे तिथे गोळा होतात.

त्या दिवशी दुपारी अर्धं गाव सायफनवर होतं. घमेली, टोपल्या, जुनी साडी जाळ्यासारखी चौघांनी चार टोकांना धरलेली. भोयांची दोन पोरं फेकजाळं घेऊन आली होती, पण ते वापरायची गरजच पडली नाही. मांडीएवढ्या गढूळ पाण्यात मासे एकमेकांवर आपटत होते. माझ्या पायाच्या घोट्याला मासे लागत होते. चौदा दिवस ज्यांची मी वाट पाहिली ते सगळे इथे होते आणि त्यांना जायला जागा नव्हती.

मी काठावर आलो. माझं तत्त्व आडवं आलं होतं. हे नाही म्हणू शकत नाहीत, आणि यांना उचलणं म्हणजे बांधलेल्याला मारणं. मला वाटलं होतं, मामालाही काहीतरी वाटेल. तो तर सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरला होता, दातात टोपीचं टोक धरून, दोन्ही हातांनी घमेल्यात मासे टाकत. मी बाहेर का, ते त्याला सांगितलं. गर्दीत, ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे ते आणखीच मूर्खासारखं वाटलं.

"चार दिवसांत डबकं आटंल," तो म्हणाला. "मंग बगळे खातील, कुत्रे खातील, उरलेले सडतील. तू नाय उचलले म्हणून ते पैठणला जाणार हायेत का वापस?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. माझ्या संयमाने एकही मासा वाचणार नव्हता. वाचणार होता तो फक्त माझा स्वतःबद्दलचा समज. मी पाण्यात उतरलो.

रात्री गोठ्यामागे रस्सा उकळत असताना मी त्याला विचारलं, इतके दिवस आपण तीन मासे धरले आणि आज तीस धरले, तर तुला कशाचं जास्त बरं वाटलं? प्रश्न त्याला आवडला नाही. पण त्यातला एक शब्द त्याने दुरुस्त केला.

"आज धरले नाय. आज वेचले."

कापूस पिकवणाऱ्या मुलखात वेचणं हा मोठा शब्द आहे. कापूस वेचतात, सरपण वेचतात, शेंगा काढून झाल्यावर रानात राहिलेल्या शेंगा वेचतात. वेचण्यात लाज नाही. वेचणीला जाणाऱ्या बाईची कंबर मोडते, हे सांगायला नको. पण वेचणारी बाई असं म्हणत नाही की कापूस तिने धरला. जे आधीच तिथे येऊन पडलंय ते उचललं, एवढंच त्या शब्दात आहे. धरणं वेगळं. पाण्याला दारं धरतात, मासा धरतात. तिथे समोरचं निसटू शकतं.

मी पंधरा दिवस न्याय-अन्यायाची जी रेघ ओढत होतो ती मामाच्या डोक्यात होतीच. फक्त माझी रेघ कृतीवरून जात होती, हे करावं, ते करू नये. त्याची रेघ नावावरून जात होती. दोन्ही कर, पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नको. आधी मला ही पळवाट वाटली. पुढचे काही दिवस ती मला सोडेना, आणि याचं कारण मासे नव्हते.

वडिलांचं गाव वर आहे असं मी सांगितलं होतं. कालव्याच्या मुखाकडच्या शेताला पाणी आधी मिळतं आणि पुरेसं मिळतं. नियम उलटा आहे. पाळी शेवटाकडून मुखाकडे फिरवावी, म्हणजे टोकाचा कोरडा राहणार नाही. पण नियम पहारा देत नाही आणि वरच्या मोटारी रात्री चालतात. माझ्या वडिलांची ऊस-मोसंबी त्या पाण्यावर उभी राहिली. त्यांनी कष्ट केले नाहीत असं मी म्हणणार नाही, माझ्या डोळ्यांसमोर केलेत. पण तेवढेच कष्ट मामाने चारीच्या शेपटाला केले आणि २०१२ च्या दुष्काळात त्याची मोसंबीची बाग वाळून गेली. सरपण म्हणून तोडली. जायकवाडीतच पाणी नव्हतं, त्यामुळे तेव्हा वरचेही होरपळले. पण वरच्यांच्या विहिरींना आदल्या वर्षांची ओल होती. आमची बाग टँकरच्या पाण्यावर कशीबशी तगली.

माझी पुण्यातली पाच वर्षं त्या तगलेल्या बागेवर झाली. क्लासची फी, सदाशिव पेठेतली कॉट, अभ्यासिका, मेस. माझ्याबरोबर मामाचा मुलगाही आला होता. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षेत त्याचे गुण माझ्याहून अकराने जास्त होते. वर्षभरात पैसे संपले, तो परत गेला आणि जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात लागला. मी राहिलो. पुढे दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो आणि घरात, गावात, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्याला एकच शब्द वापरला: जिद्द. मीही वापरला.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्ववेत्त्यांनी यावर एक प्रसिद्ध जोडचर्चा केली आहे, विषय नैतिक नशीब. माणसाच्या हातात जे नव्हतं त्यावरून आपण त्याला चांगलं-वाईट, लायक-नालायक ठरवतो आणि ते ठरवणं थांबवताही येत नाही, अशी ती गोची आहे. चर्चा छापून आली १९७६ साली, म्हणजे ज्या वर्षी आमच्या धरणाचं उद्घाटन झालं त्याच वर्षी. योगायोगाला काही अर्थ नसतो. पण नशीब पाटाने वाहतं आणि पाट कुणीतरी आखलेला असतो, हे मला त्या दोघांपेक्षा कालव्याने जास्त नीट दाखवलं.

म्हणजे माझी ती पाच वर्षं धरलेली होती की वेचलेली? अभ्यास मी केला, रात्री मी जागलो, साडेतीन गुणांचा नकारही मीच पचवतोय. तेवढं धरलेलं. पण पुन्हा पुन्हा गळ टाकत बसायची ऐपत ही वेचलेली. ती माझ्या पायापाशी वाहत आली होती. आणि मी नापास झालो म्हणून दुःख करत बसायला मामाच्या घरी आलो होतो, जिथे दुसऱ्या खोलीत त्या मुलाचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक अजून फळीवर होतं. महिनाभर मी ते पुस्तक पाहत होतो आणि मला काही दिसलं नव्हतं.

तो रविवारी सुटीवर आला तेव्हा मी त्याला हे सांगायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता फॉर्म भरणार का नाय ते सांग. उगा माझ्यावर नको ढकलू." तोही बरोबर होता. अपराधी वाटणं हीसुद्धा बऱ्याचदा काठावर उभं राहण्याचीच एक तऱ्हा असते. तिनेही कुणी वाचत नाही.

आम्ही तिघे संध्याकाळी सायफनवर गेलो. डबकं आटत आलं होतं, वर हिरवट साय, कडेला बगळ्यांच्या पायांचे ठसे. मासे संपलेत असंच वाटत होतं. तेवढ्यात चिखलात काहीतरी जाड हललं. मरळ. हिला वरची हवा घेता येते, त्यामुळे पाणी सरलं तरी ती चिखलात तग धरते. मामा वाकला, हात घातला, पकडली, आणि ती सुटली. त्याच्या मुलाने घातला, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा माझ्या दोन्ही हातांत आली, हातभर लांब, सापाच्या तोंडाची, आणि एका झटक्यात मला कोपरापर्यंत चिखलाने माखून सायफनच्या पाइपात शिरली.

मामा चिखलातच बसून हसायला लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्या पाइपाच्या तोंडाशी गळ टाकला. थंडी तशीच, ९ अंश. सातपर्यंत बसलो. मग म्हशीची वेळ झाली.